दीक्षा व्हिडिओ कॉलवर मिळत नाही

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, मी ३१ वर्षांची, मूळची साताऱ्याची. ब्रुकलिनमध्ये एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. आजी गेली तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे मला घरी जाता आलं नाही. त्या नोव्हेंबरात माझ्या वॉर्डातली हैतीची एक नर्स मला तिच्या मांबोच्या, म्हणजे व्होडू धर्मातल्या पुजारिणीच्या, घरी फेत गेदेला घेऊन गेली. मेलेल्यांसाठीचा तो सण, ती गाणी, तो हशा पाहून मी कितीतरी दिवसांनी मोकळी रडले. तेव्हापासून बोलावतील तेव्हा जाते. आता मला हे माझं वाटू लागलंय. मी हैतीची नाही, मग घरी एखादं छोटं देवाचं टेबल मांडलं तर चालेल का? लेग्बा या त्यांच्या देवाच्या चित्रातले कुत्रे पाहून मला आजीची दत्ताची तसबीर आठवली. ती मी सोबत आणली आहे, ती शेजारी ठेवू का? रूममेटला मात्र मेणबत्त्यांचा राग येतो. ऑनलाइन एक 'उंगान', म्हणजे व्होडूचा पुजारी, भेटलाय. तो म्हणतो की एझिली देवीने मला निवडलंय, साडेतीन हजार डॉलर भरले तर व्हिडिओ कॉलवर कांझो, म्हणजे व्होडूची दीक्षा, करून देईन, उशीर केला तर घरात कुणाचं तरी बरंवाईट होईल. त्याने इफा आणि सांतेरिया या दुसऱ्या परंपरांची दीक्षाही त्यातच देऊ केली आहे. तेव्हापासून झोप लागत नाही. आणि बाबा! ते अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे. म्हणाले, 'मी गावोगाव भोंदूंच्या मागे फिरलो आणि माझी मुलगी ब्रुकलिनमध्ये जाऊन भानामती शिकतेय.' जुलैत ते इकडे येणार आहेत. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या माणसाचं बघू, कारण तुझी झोप त्याच्यापायी उडाली आहे. त्याला एक डॉलरही देऊ नकोस. काही आगाऊ रक्कम दिली असशील तर आजच बँकेला कळव. त्याचे निरोप पुसू नकोस, जपून ठेव आणि त्याला ब्लॉक कर. 'मला विचार करायला वेळ द्या' असलं नम्र उत्तरही पाठवू नकोस. असल्या माणसाला उत्तर मिळालं की दार उघडं आहे असंच वाटतं.

आता कारण सांगते, म्हणजे मनात शंका उरायला नको. हैतीच्या व्होडूतली कांझो ही दीक्षा अंगावर घ्यायची असते. दीक्षा घेणारे काही दिवस जेवो नावाच्या बंद खोलीत राहतात. कुणीतरी स्वतःच्या हाताने त्यांचं डोकं धुतं. शेवटी ब्रुले झेन होतं. विस्तवावर मडकी उकळत असतात आणि त्यातलं गरम पीठ दीक्षार्थीच्या मुठीत दिलं जातं. बाहेर आल्यावर पांढरे कपडे, झाकलेलं डोकं आणि कितीतरी दिवसांची पथ्यं. ज्यांनी हे केलं ते तुझे कांझोचे आईवडील होतात, सोबतचे भाऊबहीण होतात, आणि हे नातं मरेपर्यंतचं असतं. त्यांच्या घरी सण असला की तुला भांडी घासायला जावं लागतं, तू आजारी पडलीस की त्यांना यावं लागतं. यातलं काय पडद्यावरून होईल, सांग मला.

आणि व्होडू, सांतेरिया, इफा सगळं एकाच पैशात? हैतीचा व्होडू, ज्याला लोक सांतेरिया म्हणतात तो क्यूबाचा लुकुमी धर्म, ब्राझीलचं कांदोम्ब्ले या सख्ख्या-चुलत परंपरा आहेत खऱ्या, पण प्रत्येकीचं घर वेगळं, भाषा वेगळी, गुरुपरंपरा वेगळी. लुकुमीत दीक्षा घेतलेल्याला वर्षभर पांढऱ्या कपड्यांत राहावं लागतं. त्या वर्षात त्याला 'इयावो' म्हणतात आणि त्या काळातली बंधनं नोकरी करणाऱ्या माणसाचा कस काढणारी असतात. एका माणसाने हे सगळं खांद्यावर घेऊन विकायला काढलं असेल, तर त्यातलं एकही त्याच्या अंगी मुरलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

पैशांबद्दल मात्र तुझा गैरसमज व्हायला नको. खऱ्या घरातही कांझोला खर्च येतो, आणि बराच येतो. ढोल वाजवणारे, स्वयंपाकी, कापड, जनावरं, आठवडाभर शेकडो ताटांचं जेवण, प्रवास. पैसे मागितले म्हणून माणूस भोंदू ठरत नाही. कशाचे किती हे विचारल्यावर तो काय करतो ते बघायचं. सरळ मांबो एकेक बाब मोजून सांगेल, आणि बहुधा म्हणेल, 'अजून दोन वर्षं ये, मग बोलू.' लुटारू घाई करेल आणि घाबरवेल. घरात कुणाचं तरी बरंवाईट होईल, असं त्याने तुला सांगितलंच आहे. लांबच्या देशात राहणाऱ्या, आजीच्या शेवटच्या दिवसांत घरी जाता न आलेल्या मुलीला घाबरवायला यापेक्षा सोपं वाक्य नाही. मला त्या माणसाचा फार संताप आला.

त्याच्या धमकीचा धसका मनात बसला असेल तर ती गोष्ट तुझ्या नर्स मैत्रिणीच्या मांबोला सांग. ती पत्ते मांडून बघेल किंवा नुसती ऐकून घेईल. आणि झोप महिना-दोन महिने परतलीच नाही, भीती कामाच्या जागीही पाठ सोडेना, तर डॉक्टरकडे जा. तू स्वतः रुग्णालयात आहेस. ब्रुकलिनमध्ये समाजसेविका म्हणून काम करताना मला भेटलेल्या कितीतरी मांबो पेशंटला काढा देता देता 'डॉक्टरची गोळी बंद करू नकोस' हेही बजावत. औषध सोड म्हणणारी मांबो भेटली, तर ते घर सोडायचं.

दीक्षेसाठी हैतीला जायचा विचार डोक्यात असेल तर तोही सध्या बाजूला ठेव. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सवर विमानांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर अमेरिकी विमान कंपन्यांना तिथे उतरायला मनाई झाली. शहराचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या हातात गेला. स्वतः हैतीचे लोक आपल्या लाकूला, म्हणजे वडिलोपार्जित वाड्यावस्तीला, जाऊ शकत नाहीत. तिथले कितीतरी लोक आपल्या घरचे लोआ, म्हणजे व्होडूतले देव, ब्रुकलिनच्या तळघरांत सांभाळत आहेत. हे लक्षात ठेवलंस तर त्या तळघरात पाहुणी म्हणून बसताना तुझं वागणं आपोआप बदलेल.

कारण तुझा खरा प्रश्न तो आहे. मी हैतीची नाही, मग मला हक्क आहे का?

जाण्याचा हक्क आहे, कारण तुला बोलावलं गेलं. बाकी हक्क तिथली माणसं देतील तेवढाच, आणि ती देईपर्यंत थांबायचं. ज्यांनी हा धर्म सांभाळला त्यांनी काय मोजलंय ते जरा बघ. ऑगस्ट १७९१ मध्ये बुआ काइमानला बुकमान आणि सेसिल फातिमान यांच्या पुढाकाराने गुलामांचं जे अनुष्ठान झालं असं सांगतात, त्यातून पेटलेल्या उठावाने १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. पण पुढे स्वतंत्र हैतीच्याच सरकारने १८३५ च्या दंडसंहितेत या उपासनेला चेटूक ठरवून बंदी घातली. १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्य तिथे होतं, त्यांनी ढोल जप्त केले. १९४१-४२ मध्ये चर्चने सरकारच्या मदतीने मोहीम काढली. गावोगाव पूजेच्या वस्तू जाळल्या, पवित्र झाडं तोडली, लोकांकडून लोआ सोडल्याच्या शपथा घेतल्या. कायद्यातली बंदी १९८७ च्या राज्यघटनेने उठली आणि धर्म म्हणून सरकारी मान्यता ४ एप्रिल २००३ ला मिळाली. म्हणजे तुझ्या मैत्रिणीची आई लहान असताना तिच्या घरातली पूजा हा गुन्हाच होता.

म्हणून सण असेल त्या दिवशी लवकर जा आणि स्वयंपाकघरात शिर. खुर्च्या मांड, दुसऱ्या दिवशी झाडायला थांब. ढोलवाल्यांना पैसे द्यायची पद्धत असते, मैत्रिणीला विचारून तुझा वाटा दे. क्रेयोल शीक. रुग्णालयातही उपयोगी पडेल आणि गाण्यांत काय चाललंय तेही कळेल. सगळी विद्या गाण्यांत आहे. कोणत्या लोआसाठी कोणतं गाणं, लेग्बाने दार उघडल्याशिवाय दुसऱ्या कुणाला का बोलावत नाहीत, रादाच्या शांत लोआंनंतर पेत्वोचे तापट लोआ कधी येतात, हे कानांनीच कळतं. मोबाइल पर्समध्ये ठेव. मक्याच्या पिठाने जमिनीवर काढलेली वेवे सुंदर दिसते हे खरं, पण तिचा फोटो इन्स्टाग्रामसाठी नाही आणि तुझ्या टी-शर्टसाठी तर नाहीच. गोऱ्या, सुखवस्तू, शिकलेल्या लोकांनी दोन वर्षं येऊन मग स्वतःचं दुकान थाटल्याची जखम या घरांना आहे. आपण गोरे नाही म्हणून ती जखम आपल्या हातून होणार नाही, असं समजू नकोस.

पत्राच्या तळाशी तू बारीक अक्षरात विचारलं होतंस, ते मी वर छापलं नाही, पण उत्तर देते. तुझ्या अंगात येईल का? तू मांढरदेवीच्या वाटेवर वाढलीस, काळूबाईचं वारं आलेल्या बायका तू पाहिल्यास, आणि ते पाहून लहानपणी घाबरलीस. इथलंही दृश्य वरवर तसंच वाटेल. पण नीट बघ: कुणावर लोआ स्वार होऊ लागला की भोवतीच्या बायका लगेच तिचा चष्मा काढतात, चपला काढतात, तोल जाईल तिथे हात देतात, लोआ कोण आहे ते ओळखून त्याचे कपडे आणि वस्तू आणतात. अझाका आला तर विणलेली झोळी, गेदे आला तर काळी टोपी आणि मिरच्या घातलेली क्लेरिन दारू. त्या माणसाला एकटं सोडत नाहीत. तुझ्या बाबतीत होईल की नाही हे तुझ्या हातात नाही, आणि झालंच तर तू सांभाळणाऱ्यांच्या मध्ये असशील. फक्त एकटीने घरी दारं लावून, यूट्यूबवर ढोल लावून ते घडवायचा प्रयत्न करू नकोस. हे मी ठासून सांगते.

आता घरचं टेबल. मांड, पण ते तुझ्या आजीचं मांड. पूर्वजांसाठी टेबल मांडायला जगात कुणाची परवानगी लागत नाही आणि कोणतीही मांबो तुला सुरुवात तिथूनच करायला सांगेल. पांढरं कापड, आजीचा फोटो, स्वच्छ पाण्याचा पेला. आजीला आवडायचं ते कधीमधी वाढ. हैतीत पूर्वजांना काळी कॉफी आणि पाव ठेवतात, तू चहा आणि थालीपीठ ठेव. पाणी शिळं होऊ देऊ नकोस. तिच्याशी मराठीत बोल. तुला तिच्या दहाव्याला बसता आलं नाही, तर आता बस. एझिली दांतोचं चित्र, वेवे, लोआंच्या बाटल्या हे काही सध्या ठेवायचं नाही. ते मांबोच्या हातून येईल तेव्हा येईल, नाही आलं तरी आजीचं टेबल अपुरं नाही.

दत्ताची तसबीर तिथेच ठेव, ती आजीची आहे. व्होडूच्या घरात मेरीमाता आणि संत जेम्स भिंतीवर असतातच, तुला कुणी देव काढायला सांगणार नाही. मात्र 'लेग्बा म्हणजेच दत्त' हे समीकरण तू एकटीने मांडू नकोस. लेग्बासाठी वापरतात ते संत लाझारसचं चित्र कुबड्या आणि कुत्र्यांसह असतं, तुला आजी आठवली हे अगदी स्वाभाविक आहे. पण आठवण होणं वेगळं आणि देव जुळवणं वेगळं. देव जुळवले कसे जातात त्याचं एक खरं उदाहरण पश्चिम आफ्रिकेत आहे. टोगो, बेनिन, घानाच्या किनाऱ्यावर व्होदूनच्या, म्हणजे व्होडूच्या मूळ, उपासनेत मामी वाटा नावाची पाण्याची देवता आहे. तिचं सर्वांत लाडकं चित्र, गळ्यात साप घेतलेली बाई, मुळात जर्मनीत छापलेलं होतं. १९५५ च्या सुमारास घानातल्या व्यापाऱ्यांनी ते आपल्या मुंबईत एका कॅलेंडर कंपनीकडून पुन्हा छापून घेतलं आणि हजारो प्रती तिकडे नेल्या. त्याच वाटेने हिंदू देवांची चित्रंही गेली, आणि एवे लोकांच्या पूजाऱ्यांनी तीन तोंडांच्या दत्तात मामी वाटाच्या घराण्यातल्या डेन्सू देवाला ओळखलं. डेन्सूच्या देव्हाऱ्यात दत्ताचं चित्र आजही सापडतं. आजी हे ऐकून हरखली असती. पण ते ठरवलं त्यांनी, त्यांच्या देवाला विचारून, त्यांच्या गावात, कित्येक वर्षांत. तुला काही जुळतंय असं वाटलं तर ते मांबोपुढे ठेव आणि ती काय म्हणते ते ऐक.

रूममेटचा मेणबत्त्यांवरचा राग रास्त आहे. काचेतली सात दिवसांची मेणबत्ती जळती ठेवून ड्युटीला जाऊ नकोस. पाण्याच्या परातीत ठेव आणि बाहेर जाताना विझव, किंवा बॅटरीवरची लाव. बोटानिकातून, म्हणजे पूजेच्या सामानाच्या दुकानातून, आणलेलं फ्लोरिडा वॉटर हे सुगंधी पाणी ज्योतीजवळ शिंपडू नकोस, त्यात अल्कोहोल भरपूर असतं, पडदा पेटायला वेळ लागत नाही. रुग्णालयात कुणाला सांगायचं ते तू ठरव. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे धर्मावरून तुला काढता येत नाही, पण सगळ्यांना सगळं सांगायचं बंधनही तुझ्यावर नाही. पेशंटला मात्र यातलं काही सुचवू नकोस. आणि बळी दिलेल्या कोंबडीबद्दल कुणी डिवचलंच, तर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हायालिया शहराच्या पशुबळीवरच्या बंदीविरुद्ध लुकुमी चर्चच्या बाजूने निकाल दिलाय, एकमताने. साताऱ्याच्या माणसाला जत्रेतल्या बकऱ्याचं समजावून सांगायची गरज नाही.

बाबांशी मात्र लपवाछपवी करू नकोस, वादही घालू नकोस. ते आणि तू एकमेकांपासून वाटतं तेवढ्या लांब नाही आहात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा बाबांना पाठ असेल. त्याच कायद्यात पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हात लावलेला नाही. तो फसवणूक, इजा, भीती आणि शोषण याविरुद्ध आहे. बाबांना सांग की साडेतीन हजार डॉलरवाल्या माणसाला तू बाबांच्याच कसोटीवर घासलंस आणि हाकललंस. त्यांना हे ऐकायचं आहे, माझी खात्री आहे. ते तुला विचारतील, 'मग तुझी ती मांबो तरी कशावरून खरी?' रागावू नकोस. प्रश्न चांगला आहे. ती पैसे कसे घेते, घाबरवते का, डॉक्टरकडे पाठवते का, घरच्यांपासून तोडते का, नाही म्हणून उठून जाता येतं का, हे तू जे पाहिलंस तेच सांग. यातलं एखादं उत्तर देताना तुझी जीभ अडली, तर ती का अडली याचा विचार कर.

आणि हैतीत काय होतंय तेही त्यांना सांग. २०१० मध्ये तिथे कॉलरा पसरला. लोकांनी व्होडूच्या उंगान-मांबोंवर 'कॉलऱ्याची पूड' टाकल्याचा आळ घेतला आणि किमान ४५ जणांना जमावाने ठार मारलं. कॉलरा आला होता संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून नदीत सोडलेल्या मैल्यातून. डिसेंबर २०२४ मध्ये सिते सोलेच्या वार्फ जेरेमी वस्तीत एका टोळीप्रमुखाचं मूल आजारी पडलं. म्हाताऱ्यांनी व्होडूने करणी केली असं त्याने मनात घेतलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०७ माणसं मारली गेली, त्यात म्हातारी माणसं फार. आपल्याकडे चेटकीण ठरवून बायकांना मारतात, त्याविरुद्ध बाबा आयुष्यभर उभे राहिले. हैतीत त्या बायकांच्या जागी बहुतेक वेळा तुझ्या मांबोसारखी माणसं असतात. बाबा देव मानणार नाहीत, आणि त्यांनी मानावा असा हट्टही तू धरू नकोस. पण मार खाणाऱ्याच्या बाजूने उभं राहणं त्यांना नवीन नाही.

ते जुलैत येणार आहेत तर १६ तारीख मोकळी ठेव. त्या दिवशी ईस्ट हार्लेममध्ये माउंट कार्मेलच्या मेरीमातेचा उत्सव असतो. हैतीत याच दिवशी सो-दोच्या धबधब्याची यात्रा भरते, आणि तिथे जाऊ न शकणारे हैतीचे लोक मोठ्या संख्येने हार्लेमला लोटतात. मेरीमाताही तीच आणि मनातला लोआही तोच. रस्त्यावरची मिरवणूक आहे, निमंत्रण लागत नाही, बाबांना कुठे वाकावं लागणार नाही. मैत्रिणीला आत्ताच विचारून ठेव की तिची मांबो जाणार आहे का. जाणार असेल तर दोघांची ओळख तिथेच करून दे. तळघरात गाठ घालण्यापेक्षा ते बाबांना सोपं जाईल आणि तिलाही. उन्हाचा दिवस असतो, बाबांची टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर घे.

तुझी,
ताई